प्रभूची वेळ आणि भुकेल्याची वेळ

महाराष्ट्रातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळ्यांचे पाळक, वडील आणि पंच यांस,



आगमनकाळ तोंडावर आला आहे. चार रविवार आपण ख्रिस्तजन्माची वाट पाहू आणि त्याच चार रविवारी त्याच्या दुसऱ्या येण्याबद्दलही बोलू. मंडळीची ही जुनी रीत आहे. यंदा त्या उपदेशांच्या तयारीला बसण्यापूर्वी आपण हे पत्र वाचावं, म्हणून ते आत्ताच लिहितो आहे.

मी शहपुऱ्यात राहतो. जबलपूरहून भोपाळकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. रेल्वेनं आलात तर स्टेशनावर पाटी भिटोनीची. मराठी ख्रिस्ती घरं इथे मोजकीच. उपासना हिंदीत होते, घरातलं बायबल मराठी, आणि उपासना संगीताचं पुस्तक आजीच्या पेटीतलं. अशा ठिकाणी मराठी उपदेश ऐकायचा तर तो फोनवरच. पुण्याचे, नगरचे, नागपूरचे, मुंबईचे उपदेश मी नेमानं ऐकतो आणि त्यांनी मला खूप दिलं आहे. म्हणूनच त्यांत अलीकडे जे वाढत चाललं आहे, त्याबद्दल गप्प राहवत नाही.

कुठे युद्ध पेटलं, ग्रहण लागलं, भूकंप झाला, की आठवड्याच्या आत तक्ते फिरू लागतात. दानिएलाची सप्तकं, प्रकटीकरणातले शिक्के, इस्राएलच्या स्थापनेपासूनची वर्षं, असं सगळं मांडून बेरीज-वजाबाकी होते आणि शेवटी एखादं साल निघतं. साल सांगायचं धाडस ज्यांना होत नाही, ते 'आपल्याच पिढीत' एवढं तरी सांगतात. 2025 च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसानं 23 आणि 24 तारीख सांगितली आणि ती चित्रफीत आमच्या गावापर्यंत पोचली. ओळखीतल्या एका कॉलेजातल्या मुलीनं मला गंभीरपणे विचारलं, "काका, परीक्षेचा फॉर्म भरू की नको?" तिला मी समजावलं. पण हा प्रश्न तिला पडावा, अशी शिकवण तिच्या कानावर कुणाकडून गेली, याचा विचार आपणा सर्वांनाच करावा लागेल.

हे काही आजचं नाही. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी-उपदेशकाच्या गणितावर विसंबून हजारो माणसं 22 ऑक्टोबर 1844 ची वाट पाहत बसली. काहींनी उभं पीक शेतातच ठेवलं, कारण ते काढलं तर आपला विश्वास कच्चा ठरेल असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला आणि त्या घरांमधून रडणं ऐकू आलं. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011 ही तारीख दिली, तेव्हा देशोदेशी त्याचे फलक लागले आणि काहींनी साठवलेले पैसे त्या प्रचारात घातले. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी चूक कबूल केली. ज्यांचे पैसे आणि विश्वास दोन्ही गेले, त्यांना त्या कबुलीनं काय मिळालं? प्रेषित पौलाच्या काळातही थेस्सलनीका इथल्या काही जणांनी प्रभूचा दिवस आलाच असं समजून कामधंदा सोडला होता. स्वतः तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलानं त्यांना कडक शब्दांत लिहिलं, की ज्याला काम करायचं नाही त्यानं जेवणाचीही अपेक्षा ठेवू नये.

आता आपण सर्वांनी अनेकदा वाचलेला मत्तयाचा 24 वा अध्याय पुन्हा एकदा उघडावा, अशी विनंती आहे. त्या दिवसाबद्दल आणि त्या घटकेबद्दल पित्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही, असं प्रभू तिथे स्पष्ट सांगतो. इथपर्यंत सगळे वाचतात. पण तो तिथेच थांबत नाही. त्याच अध्यायात, थोडं पुढे, तो विचारतो की धन्यानं घरच्या माणसांना वेळच्या वेळी अन्न द्यायला नेमलेला विश्वासू आणि शहाणा दास कोण? धनी येईल तेव्हा जो असं करताना सापडेल, तो धन्य. तयारी म्हणजे काय, हे प्रभूनं आपल्याला शोधून काढायला ठेवलेलं नाही. दासाला धन्याच्या येण्याची वेळ सांगितलेली नाही. घरच्यांच्या जेवणाची वेळ मात्र त्याला नेमून दिलेली आहे. आपण मराठी मंडळ्या नेमकी उलटी चिंता करत बसलो आहोत.

हे मी शहपुऱ्यातून लिहितो, त्याला एक कारण आहे.

1893 पासून दोन-तीन वर्षं जबलपूर, सागर, दमोह या गव्हाच्या मुलखात अवेळी पावसानं आणि तांबेऱ्यानं पीक खाल्लं. त्यावर 1896 च्या पावसाळ्यात ऑगस्टनंतर पावसानं जी दडी मारली ती मारलीच. धान गेलं, रब्बीची पेरणी अर्धीमुर्धी झाली आणि साऱ्या मध्य प्रांतात दुष्काळ पसरला. सरकारी कामांवर आणि अन्नछत्रांत माणसांची गर्दी लोटली. अशा गर्दीत एकट्या पडलेल्या मुलींचं आणि बालविधवांचं काय होतं, हे सांगायला नको. त्यांना 'सांभाळायला' पुढे येणारे फार होते.

त्या वेळी पंडिता रमाबाई पुण्यात बालविधवांसाठी शारदा सदन चालवत होत्या. हाती पैसा नव्हता. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशननं दिलेलं दहा वर्षांच्या मदतीचं वचन संपत आलं होतं आणि ती मदतही ठरावीक मुलींपुरतीच होती. पण आपले आईवडील आणि बहीण दुष्काळात उपासमारीनं गेलेली या बाईंनी डोळ्यांनी पाहिली होती. त्या मध्य प्रांतात आल्या, छावण्या आणि अनाथगृहं स्वतः फिरल्या आणि मुलींना गोळा करून घेऊन गेल्या. त्या दुष्काळातून त्यांनी आणलेल्या मुलींची संख्या सुमारे 300 झाली. मुंबई-जबलपूर लोहमार्ग 1870 पासून आमच्या गावावरूनच जातो. गाडीची शिट्टी ऐकली की मला कित्येकदा त्या मुली आठवतात: अंगावर चिंध्या, डोक्यात उवा आणि जखमा, हगवणीनं अर्धमेल्या, आणि आपण कुठे चाललो आहोत याचा पत्ता नसलेल्या.

पुण्यात त्यांना ठेवायची सोय नव्हती, शिवाय प्लेगचे दिवस. म्हणून रमाबाईंनी त्यांना केडगावला नेलं. तिथली शेतजमीन त्यांनी आधीच घेतलेली होती, कारण फळबागेच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायावर उभं राहावं असा त्यांचा विचार होता. विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या केल्या. 1898 मध्ये मुक्ती सदनाचा पाया घातला गेला. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांवर गेली. शाळा, शेती, गुरं, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं काम मुलींच्या हातांनी चाले. रमाबाईंची मुलगी मनोरमा अमेरिकेत ब्रेल शिकून आली होती. तिनं अंध मुलींना वाचायला शिकवलं.

जागं राहणं म्हणजे काय, हेही याच काळात दिसतं. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची जी अवस्था होती, त्याबद्दल रमाबाईंनी मे 1897 मध्ये 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिलं. त्यांच्या स्वतःच्या सदनातल्या मुलीचा प्रश्न त्यात होता. सरकारनं ते आरोप नाकारले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी शब्द गिळले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. आज आपल्यातले किती जण असं पत्र लिहितील?

1905 मध्ये मुक्तीत मोठं आत्मिक जागरण झालं. वेल्समध्ये, खासी टेकड्यांमध्ये तशाच बातम्या होत्या आणि शेवट जवळ आला असं अनेकांना वाटत होतं. केडगावात मुली रात्र-रात्र प्रार्थना करत. आणि याच सुमाराला रमाबाईंनी हाती काय घेतलं? संपूर्ण बायबलाचं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर! वय पंचेचाळिशीच्या पुढे. हिब्रू आणि ग्रीक शिकण्यापासून सुरुवात. पुढची सतरा-अठरा वर्षं हे काम चाललं.

त्या छापखान्याकडे जरा जवळून पाहा. देवनागरीचा खिळा जुळवणं किचकट काम. काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाचं घर वेगळं. ज्यांना दुष्काळातून उचलून आणलं तेव्हा अक्षर ओळखता येत नव्हतं, अशा मुली मोठ्या होऊन तिथे उलटी अक्षरं एकेक उचलून ओळी जुळवत होत्या, मुद्रितं काढत होत्या, पानं शिवत होत्या. बाई मुद्रितं तपासत होत्या. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली. जिच्यावर पुढचा सगळा भार सोपवायचा, तीच आधी गेली. बाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. काम हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं 1924 मध्ये. बांधलेली प्रत त्यांनी पाहिली नाही.

शेवट जवळ आहे असं मनापासून मानणाऱ्या बाईनं अठरा वर्षांचं काम अंगावर घेतलं. यात मला विसंगती दिसत नाही. प्रभू उद्या आला असता तरी त्या हातात मुद्रित घेऊनच सापडल्या असत्या, आणि त्यांना दुसरं काही नकोच होतं.

रेव्हरंड टिळकांचंही तेच. 1909 मध्ये त्यांनी 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य लिहायला घेतलं आणि 1919 मध्ये ते गेले तेव्हा दहा-अकरा अध्यायांच्या पुढे ते सरकलं नव्हतं. ज्यांना लग्नानंतर कशीबशी अक्षरओळख झाली त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढचे 64 अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्या गेल्या. ग्रंथ 1938 मध्ये निघाला. दोघांपैकी कुणीही तो छापलेला पाहिला नाही. जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून नारायण शेषाद्रींनी मांग समाजातल्या विश्वासणाऱ्यांसाठी बेथेल गाव वसवलं. मिरजेला विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये इस्पितळ उभारलं आणि मग हाताखाली इथलेच डॉक्टर शिकवून तयार केले. ही सगळी माणसं प्रभूच्या येण्याची आशा धरून होती. त्या आशेनं त्यांना लांब पल्ल्याची कामं दिली.

पाळक आणि पंच मंडळींनो, आता एक कठीण गोष्ट लिहितो. मत्तयातल्या विश्वासू दासाच्या त्याच दृष्टान्तात दुसराही एक दास आहे. धन्याला यायला उशीर आहे असं तो मनात म्हणतो, सोबतीच्या दासांना मारू लागतो आणि दारुड्यांबरोबर खातो-पितो. तारखा काढणाऱ्यांपेक्षा हा दास आपल्या मंडळ्यांत अधिक आहे. मिशनच्या जमिनींवरून, ट्रस्टवरून, शाळांच्या ताब्यावरून आपल्या लोकांचे एकमेकांवर किती दावे चालू आहेत, हे आपल्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे दोन गट कोर्टात समोरासमोर बसतात. वसतिगृहांना कुलपं लागतात, आवारात गवत वाढतं, दुकानांचे गाळे निघतात. ज्या पिढीनं पोटाला चिमटा घेऊन त्या इमारती बांधल्या, ती आपल्याला काय म्हणेल, हा प्रश्न बाजूला ठेवू. ज्याच्या त्या इमारती आहेत तो धनी आल्यावर घरच्यांच्या जेवणाचं विचारील. सातबारा विचारणार नाही.

आमच्या शहपुऱ्याचंच सांगतो, म्हणजे नुसता उपदेश केल्यासारखं होणार नाही. जबलपूर जिल्ह्याचा मटार प्रसिद्ध आहे आणि त्यातला बराचसा शहपुरा, पाटण, सिहोरा या भागांत पिकतो. त्याचा हंगाम आणि आगमनकाळ एकदमच येतात. नोव्हेंबर-डिसेंबरात अंधार असतानाच ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाया शेतांकडे निघतात. काही आसपासच्या गावांतल्या, काही मंडला-दिंडोरीकडून आलेल्या. दव पडलेल्या वेलांत ओणव्यानं शेंगा तोडायच्या; पदर, हात, पाय ओलेगार. लहान मुलं बांधावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असतात. मजुरी किलोवर, म्हणून कुणी मुलाला घ्यायला उठत नाही. दुपारी रस्त्यावर पोत्यांच्या थप्प्या आणि ट्रकांच्या रांगा लागतात. पुढे चैतात गहू कापायला येणाऱ्यांना इथे चैतुए म्हणतात. त्यांचीही मुलं अशीच बांधावर.

आणि त्याच दिवसांत आमच्या घरांमध्ये तारे टांगले जातात, केक भाजतात, कॅरोलची तालीम होते. हे सगळं मला प्रिय आहे. माझंही घर त्यात मागे नसतं. पण त्या मुलांची वेळ आपल्याला ठाऊक आहे. सकाळी सहा ते दुपारी दोन, कडाक्याच्या थंडीत, अमुक शेताच्या बांधावर. ती वेळ कळायला दानिएलाचा तक्ता लागत नाही. एका खोलीत तेवढे तास मुलं सांभाळणाऱ्या दोन बाया, गरम दूध, खिचडी, थोडी पांघरुणं. आमच्यासारख्या लहान मंडळीलाही हे झेपण्यासारखं आहे. ते शेतकऱ्यांशी बोलून, सरपंचांना विश्वासात घेऊन, कुणाचं धर्मांतर वगैरे असा कुणालाही संशय येऊ न देता, उघड्या दारानं करायचं. आजच्या दिवसांत आपल्या सेवेकडे संशयानं पाहिलं जातं, हे खरं. म्हणून सेवा थांबवायची नसते. ती इतकी उघड करायची की कुणीही कधीही आत येऊन पाहावं.

प्रत्येक गावाची अशी एक वेळ असते. साखर कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोड्यांची मुलं असतील. मुंबई-पुण्यात फ्लॅटमध्ये एकट्या राहिलेल्या, रविवारी उपासनेला यायला जिना उतरता न येणाऱ्या म्हाताऱ्या असतील. मराठवाड्यात कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्याची बायको असेल. परदेशातल्या मराठी मंडळीत, नुकताच आलेला आणि नोकरी गेलेला एखादा तरुण असेल. कुठे काय, हे मी इथून सांगणं बरोबर नाही. आपापल्या गावातली ती वेळ आपण ओळखता.

म्हणून माझी मागणी अशी आहे. या आगमनकाळात व्यासपीठावरून एकही साल, एकही तारीख, 'याच पिढीत' असं एकही वचन जाऊ नये. पाहुण्या वक्त्याला बोलावताना ही अट आधी सांगावी. पहिल्या रविवारी उपदेशानंतर पंचांनी उठून गावात कुणाच्या जेवणाची वेळ आपल्यामुळे चुकते आहे, ते मंडळीपुढे वाचावं, आणि त्यातलं एक काम, फक्त एक, दहा वर्षांसाठी हाती घ्यावं. ते कोण करील, त्याच्यानंतर कोण करील आणि खर्च कुठून येईल, हे त्याच सभेत लिहून काढावं. ज्या मंडळीत दावा चालू आहे, तिथल्या दोन्ही बाजूंनी नाताळापूर्वी एकदा वकिलांशिवाय एकत्र बसावं. आणि तरुण संघाला सांगावं की परीक्षा द्या, नोकरी शोधा, लग्नं करा, विहिरी खणा, झाडं लावा. प्रभू आला तर तो तुम्हाला कामात पाहील.

मुक्ती मिशन केडगावात आजही चालू आहे. ज्यांना वाट पाहणं कसं असतं ते मुलांना दाखवायचं आहे, त्यांनी या डिसेंबरात संडे स्कूलची सहल तिथे न्यावी. पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन आहे.

आमच्या मंडळीनं मटाराच्या हंगामापुरती एक खोली उघडायचं ठरवलं आहे. पांघरुणं हवी आहेत. शहपुऱ्यापर्यंत पाठवणं जमणार नसेल, तर आपल्या गावच्या बांधावरच द्या.

प्रभूच्या सेवेत आपला,
शहपुऱ्याचा एक मंडळीजन